एका गंजात दहा किलो

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी आठ वाजता अकोल्याच्या जठारपेठेत, सातव चौकाच्या आतल्या गल्लीतल्या एका गच्चीवर, दहा किलो गव्हाचा चीक फसला. मुलीच्या लग्नाला बारा दिवस उरले होते आणि त्या कुरड्या रुखवतात मांडायच्या होत्या. चीक फसला की कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी म्हणतं गहूच खराब निघाला. गहू चांगला होता. शेजारीण म्हणून त्या चार दिवसांत माझं त्या घरी जाणं-येणं सुरूच होतं. जे पाहिलं ते वेळेसकट लिहून ठेवते आहे, कारण बिघाड दिसला रविवारी, पण त्याची सुरुवात बुधवारी झाली होती.

बुधवार, सकाळी ८. अजून ९६ तास.

दहा किलो लोकवन गहू निवडून, धुऊन स्टीलच्या गंजात पडला. गंज २० लिटरचा. दरवर्षी याच गंजात तीन किलो गहू भिजतो, आणि मग गंज अर्धासुद्धा भरत नाही. यंदा रुखवत, मुलीच्या सासरी पाठवायचा डबा आणि घरचं वर्षाचं असं सगळं एकदम करायचं ठरलं होतं. एकाच घाण्यात केलं की रंग एकसारखा येतो, आणि सोऱ्या दाबायला येणाऱ्या बायकांनाही एकाच रविवारची सवड होती. दोन्ही कारणं खोटी नव्हती.

नवरीच्या आजी खाटेवरून म्हणाल्या, "एवढा गहू त्यात मावते का वं?"

"मावला ना आई. वर चार बोटं जागा आहे."

जागा होती, पण ती कोरड्या गव्हाच्या वरची. कोरडा गहू किलोला साधारण सव्वा लिटर जागा व्यापतो, म्हणजे दहा किलोचे झाले जवळजवळ तेरा लिटर. दाण्यांमधल्या फटी आणि वरची जागा पाण्याने भरली आणि गंज काठोकाठ झाला. मात्र भिजलेला दाणा कोरड्या दाण्याच्या दीडपटीहून मोठा होतो. तेराचे वीस लिटर गव्हाचेच होणार होते. पाण्याने राहायचं कुठे, हा हिशेब त्या सकाळी झाला नाही.

हाच हिशेब परदेशात घरी बिअर करणारे लोक फार काटेकोरपणे करतात. दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायच्या त्यांच्या भांड्याला मॅश टन म्हणतात. बऱ्याच घरांत तो म्हणजे थंड पाणी ठेवायचा इन्सुलेशनचा मोठा डबा असतो, फार तर ३८ लिटरचा. एक किलो धान्य पाण्यात बुडालं की सुमारे दोन तृतीयांश लिटर जागा घेतं, आणि किलोमागे अडीच ते तीन लिटर पाणी लागतं. म्हणजे दहा किलोला ३२ ते ३७ लिटर. कडक बिअर करायची म्हटली की धान्य वाढतं, भांडं तेवढंच राहतं, आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी असलं काही करता येत नाही, त्यामुळे जठारपेठेत कोणाच्या घरी मॅश टन नाही. पण दाणा, पाणी, उष्णता आणि भांडं यांचं गणित कुरडईतही तेच आहे, आणि आपल्या बायका ते पिढ्यान्‌पिढ्या हाताने सोडवत आल्या आहेत. हे शास्त्रच आहे असं मला मनापासून वाटतं. ते आकड्यांत लिहिलेलं नसल्यामुळे भांडं बदललं किंवा माप वाढलं की नव्या हातांना खूण सापडत नाही, एवढीच त्याची अडचण.

बुधवार, रात्री ९. ८३ तास.

झाकण उचललं गेलं होतं. गहू फुगून काठाच्या वर आला होता आणि झाकण त्या ढिगावर टेकलं होतं. बरंचसं पाणी दाण्यांनी पिऊन टाकलं होतं. आणखी दोन तांबे ओतले तर ते बाजूने खाली सांडले. वरचा तीन-चार बोटांचा थर पाण्याबाहेरच राहिला, ओला पण उघडा.

सगळ्या घटनाक्रमात ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि त्या रात्री तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पाण्यात पूर्ण बुडालेल्या दाण्याला हवा कमी मिळते, म्हणून तो सहसा मोडत नाही. ओला राहून हवेत उघडा पडलेला दाणा मात्र मोडायला लागतो. जवाचं माल्ट करतात ते नेमकं असंच. दाणा भिजवायचा, पाण्यातून काढायचा, ओलसर ठेवून कोंब फुटू द्यायचा आणि मग वाळवायचा. गंजाच्या वरच्या थरात तेच सुरू झालं होतं.

गुरुवार, दुपारी ३. ६५ तास.

बाहेर ४४ अंश. वैशाखात अकोल्याला याचं कोणाला नवल वाटत नाही, पण भिजलेल्या गव्हाला वाटतं. रोज पाणी बदलायचं हा नियम थंड दिवसांचा. अशा उन्हात सकाळ-संध्याकाळ बदलावं लागतं.

त्या दिवशी नळ नव्हता. महानच्या काटेपूर्णा धरणातलं पाणी शहराला रोज येत नाही, आणि उन्हाळ्यात प्रत्येक घराचं वेळापत्रक नळाच्या दिवसाप्रमाणे बसतं. टाकीतलं पाणी जपायचं होतं. त्यात एवढा जड गंज दोघींनी मिळूनही नीट कलता होईना. वरवरचं पाणी वाटीने काढलं आणि तेवढंच नवं घातलं. खालचं पाणी बुधवारचंच राहिलं.

शुक्रवार, सकाळी १०. ४६ तास.

वास आला होता. थोडा आंबूस वास यायलाच हवा. तिसऱ्या दिवशी पाण्यावर बुडबुडे दिसतात, दाण्याचं साल सैल होतं आणि चीक सहज सुटतो. आजींनी गंजात हात घालून तळाचे चार दाणे काढले आणि वरचे चार. मला जवळ बोलावलं. तळाचा दाणा चिमटीत धरून दाबला की पांढरं दूध चिळकन बाहेर, साल रिकामं. वरचा दाणा दाबला तर दूध कमी, मधे कडक गाठ, आणि टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढरा मोड. एकाच गंजात दोन वयांचे गहू झाले होते.

"हे मोडाले लागलं," आजी म्हणाल्या. "वरचा गहू काढून टाका."

वरचा थर म्हणजे दोन-अडीच किलो गहू. लग्नघरातून तेवढा गहू काढून टाकायला कोणाचा जीव धजेना. चमच्याने खालवर केला, झाकण ठेवलं. मोडाचे दाणे सगळीकडे पसरले.

मोड आलेल्या दाण्यात एक एन्झाइम तयार होतं, अमायलेज. कोंबाला वाढायला साखर लागते आणि दाण्यात साठा असतो स्टार्चचा. अमायलेज त्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर करतं. बिअरवाल्याला नेमकं हेच हवं असतं, म्हणून तो मुद्दाम धान्य मोडवतो. कुरडई करणारीला याच्या अगदी उलट हवं असतं. तिला लांब, अखंड साखळ्या हव्या, कारण कुरडईची तार त्यांच्यावर उभी राहते.

शनिवार, सकाळी ११. २१ तास.

वाटण सुरू झालं. हाताने फिरवायचं यंत्र आणि दोन मिक्सर. वाटलेला गहू पाण्यात कुस्करायचा, पिळायचा, चाळणीतून आणि मग पातळ कापडातून गाळायचा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळायचा. तीन किलोला दोन-तीन धुण्या सहज होतात. इथे कापडावर एका वेळी एवढा चोथा पडत होता की तो दाबून बसला आणि गाळणंच थांबलं. खालून थेंब-थेंब.

बिअरसाठीच्या गव्हाच्या मॅशमध्येही हाच त्रास होतो. जवाच्या दाण्याचं फोलपट गाळणीचं काम करतं. गव्हाला मळणीनंतर ते राहत नाही. म्हणून गहू जास्त असला की बिअरवाले त्यात भाताची तुसं मिसळतात, म्हणजे थर मोकळा राहून रस खाली उतरतो. आमच्या गच्चीवर कापड घट्ट पिळलं गेलं, दुसरी धुणी अर्धवट झाली, तिसरी झालीच नाही. पाणी वापरलं तर ते ठेवायला भांडं नव्हतं.

शनिवार, रात्री ८. १२ तास.

गाळलेलं दूध एका गंजात आणि एका बादलीत भरलं. बादलीतलं थोडं थोडं करत गंजात आणायचं असं ठरलं, कारण सकाळी शिजवायचं गंजातच होतं. रात्रभरात स्टार्च तळाशी बसतो आणि वर पिवळसर निवळ राहते. पण दूध दाट होतं, कोंड्याचे बारीक कण कापडातून निसटले होते, आणि दर दोन तासांनी वरून बादलीतलं दूध पडत होतं. प्रत्येक वेळी खाली बसलेलं पुन्हा ढवळलं गेलं.

रात्री अकराला मी घरी आले तेव्हा गंज काठापासून दोन बोटं खाली होता.

रविवार, पहाटे ५. ३ तास.

निवळ काढायची वेळ. नेहमी गंज हळूच कलता करतात, पिवळं पाणी ओघळून जातं आणि तळाला चुन्यासारखा पांढरा, घट्ट चीक उरतो. इथे गंज कलता केला की सगळंच हलत होतं. वाटीने काढायला घेतलं. पाच-सहा लिटर निघालं, पुढे पांढरं येऊ लागलं म्हणून थांबले. निदान तेवढीच निवळ आत राहिली असावी.

निवळ ओतून द्यायची ती नुसती आंबटपणा जावा म्हणून नाही. गव्हातली विरघळणारी एन्झाइम त्या पाण्यातच असतात. निवळ गेली की तीही बरीचशी जातात आणि हाती निव्वळ स्टार्च राहतो. या गंजात मोडाच्या गव्हाचं अमायलेज होतं आणि ते वाहून नेणारं पाणीही तिथेच होतं.

सकाळी ६.४०.

शिजवण्याचा नियम घरात सगळ्यांना पाठ होता. जितका चीक तितकं पाणी. पाण्याला मीठ, हिंग घालून खळखळ उकळी आणायची. चीक धारेने सोडायचा, एका हाताने ढवळत. उकळी मोडू द्यायची नाही. चीक होता सुमारे पंधरा लिटर. गंज वीसचा. त्यामुळे चीक बादलीत आणि घमेल्यात काढून गंजात पाणी ठेवलं ते फक्त पाच लिटर. "चीक पातळच आहे, पाणी कमी लागेल," असं ठरलं. एकूण पाण्याच्या मानाने ते बरोबरही होतं. फक्त उकळतं पाणी कमी होतं.

सकाळी ७.१०. ५० मिनिटं.

चीक पडू लागला. पहिल्या दोन लिटरला उकळी टिकली. चौथ्याला बुडबुडे थांबले. ऊन चढायच्या आत घालायला सुरुवात करायची होती, माणसं खोळंबली होती, म्हणून धार मोठी झाली आणि शेवटचं घमेलं एकदमच रिकामं झालं.

इथे एक साधी बेरीज करते. पाच लिटर उकळतं पाणी, साधारण ९८ अंश. पंधरा लिटर चीक, २९ अंश. मिसळल्यावर होतात जेमतेम ४६ अंश. खाली मोठी शेगडी असली तरी वीस लिटरचा हा ऐवज तापवत ६५च्या वर न्यायला तिला वीस-एक मिनिटं लागतात. गव्हाचा स्टार्च साठीच्या आसपास फुगून मऊ होतो. ५५ ते ७० या टप्प्यात अमायलेज सर्वांत जोमाने काम करतं. बिअरवाले आपला मॅश ६५ ते ६७ अंशांवर तासभर राखून ठेवतात तो याचसाठी. आमच्या बायका उकळीत धार सोडतात ती हा टप्पा क्षणात ओलांडायला. चिकाचा प्रत्येक थेंब नव्वदीच्या पाण्यात पडतो, अमायलेज तिथेच निकामी होतं आणि स्टार्च अखंड राहून फुगतो. उकळी मोडू द्यायची नाही, या एका वाक्यात हे सगळं आहे.

भरलेल्या गंजाने ते वाक्य पाळता येण्याची सोयच ठेवली नव्हती.

सकाळी ७.३५. २५ मिनिटं.

चीक दाटला. बायकांचे चेहरे खुलले. लाकडी चाटू दोघींनी मिळून फिरवायला घेतला, पण गंज जवळजवळ काठोकाठ भरल्यामुळे तळापर्यंत जोराने ढवळता येईना. जोर लावला की बाहेर सांडत होतं. आणि मग दाटलेला चीक पुन्हा सैल होऊ लागला. चाटूवरून जाड पडदा पडायचा, तिथे आता धार लागली. थोडा चाखला तर गोडसर. साखर कोणी घातली नव्हती.

आजी जिना चढून आल्या, चाटू उचलून पाहिला. "पानी सुटलं," म्हणाल्या. "आच कमी करा आन अर्धा काढून घ्या."

आच वाढवली गेली. पाणी आटलं की घट्ट होईल असं वाटणं साहजिक होतं. पण हे पाणी वेगळं सुटलेलं नव्हतं. जो स्टार्च ते धरून ठेवणार होता त्याच्याच साखळ्या तुटल्या होत्या. आटवून त्या जोडल्या जात नाहीत.

सकाळी ८.

तळाला लागल्याचा करपट वास आधी आला. तळाशी दाट थर बसला होता, त्याच्याखाली वाफ कोंडत होती. मग फदकन एक मोठा बुडबुडा फुटला, पाठोपाठ दुसरा, आणि पांढरा फेस एकदम काठावरून उतू गेला. शेगडी विझली. गॅसचा वास सुटला. नवरीच्या मावशीने रेग्युलेटर बंद केला, पण त्याआधीच एक फदका तिच्या मनगटावर बसला होता. चीक पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो चिकटतो आणि चिकटून भाजत राहतो. आजींनी तिचा हात ओढून बादलीतल्या साध्या पाण्यात बुडवला आणि वीस मिनिटं बाहेर काढू दिला नाही. कोणी टूथपेस्ट आणली, ती त्यांनी लावू दिली नाही. त्यामुळे फोड आला, पण जखम खोल गेली नाही.

जो चीक गंजात राहिला तो सोऱ्यात भरून पाहिला. प्लास्टिकवर पडलेल्या तारा एकमेकींत मिसळून गेल्या, दोन मिनिटांत कुरडईची चकती झाली. सगळ्या बायका गप्प उभ्या होत्या. नवरीच्या आईने रडायला सुरुवात केली ते मात्र भाजलेल्या बहिणीकडे बघून.

नंतर

करपलेला भाग वगळून उरलेल्या चिकाच्या पळीने पापड्या घातल्या. वाळल्या, पण तळल्यावर साखरेमुळे तेलात घालताच तांबूस झाल्या. रुखवताला उपयोगाच्या नव्हत्या.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी आजींनी पुन्हा गहू भिजत घालायला लावला, पण माप त्यांनी ठरवलं. सहा किलोच. तीन त्या गंजात, तीन पितळी पातेल्यात, दोन्हीत गव्हावर वीतभर पाणी. नळाचा दिवस पाहून दोन टाक्या भरून ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ पूर्ण पाणी बदललं, दाणा एकदाही पाण्याबाहेर आला नाही. शनिवारी चार भांड्यांत चीक बसवला, रात्रभर कोणी हात लावला नाही, पहाटे निवळ भांडी कलती करून शेवटपर्यंत काढली.

राहिला प्रश्न रंगाचा. त्याच्यापायीच तर एका घाण्याचा हट्ट झाला होता. बिअरवाले मोठं धान्य दोन छोट्या मॅशमध्ये विभागतात आणि दोन्हींचा गाळलेला रस पुढे एकाच भांड्यात उकळतात. आजींनी याच्या उलट बाजूने तेच साधलं. निवळ काढलेला चारही भांड्यांचा घट्ट चीक एका मोठ्या घमेल्यात एकत्र कालवला, त्यातच गुलाबी रंग घातला, आणि मग तांब्याने मोजून त्याचे दोन सारखे वाटे केले. प्रत्येक वाट्याला तितकंच उकळतं पाणी, आणि गंज निम्म्याहून जास्त भरणार नाही एवढाच घाणा. धार नवरीच्या आईने सोडली, चाटू मी धरला. उकळी एकदाही मोडली नाही. चीक काचेसारखा चकाकायला लागला, ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटला नाही, तेव्हा गंज उतरवला.

दोन्ही घाणे साडेआठच्या आत झाले. मावशी हाताला पट्टी बांधून कुरड्या मोजायला बसली होती. मंगळवारी संध्याकाळी त्या खडखडीत वाळल्या, आणि शुक्रवारी रुखवतात मांडल्या तेव्हा कुठली पहिल्या घाण्याची आणि कुठली दुसऱ्या, हे आजींनाही सांगता आलं नाही.